नेहमीच्या अटी

तैपिंग, २१ फेब्रुवारी

प्रिय तिलगा,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज नुसते बघून ठेवतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. शाळेत पत्र लिहायला शिकवणाऱ्या सिस्टर एंडा असत्या तर खूश झाल्या असत्या. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख, डावीकडे बोटभर समास, आणि पहिल्या ओळीत समोरच्याची चौकशी, स्वतःची रड नाही. म्हणून आधी विचारते, कशी आहेस? गुडघा काय म्हणतोय? सेरेंबानला ऊन फार आहे का? इथे दुपारी चारला पाऊस येतो, आपण शाळेतून सायकलने घरी यायचो तेव्हा यायचा तसाच, अगदी वेळ साधून.

यंदा चिनी नववर्षाला तू आली नाहीस. दुसऱ्या दिवसाची दुपार तुझी, आपल्या लग्नांच्याही आधीपासून. मी अननसाचे टार्ट केले होते. तुझा डबा बाजूला काढून ठेवला होता, तो आता पोस्टाने पाठवतेय, थोडे मोडतील. माझ्या भावजयीने, टेरेन्सच्या बायकोने, सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या त्या इंडियन मैत्रीण नाही आल्या?" मी म्हटलं, गुडघा दुखतोय. तुझ्या गुडघ्याच्या नावाने खोटं बोलले, तेव्हा तुला सांगून टाकलेलं बरं.

आता ते घराचं. तिलगा, तुझा काहीतरी गैरसमज झालाय. चौदा नंबर म्हणजे आमच्या आईचं घर. ती गेल्यापासून ते माझ्या आणि टेरेन्सच्या नावावर आहे आणि भाड्याने देण्याचं सगळं एजंट फू बघतो. मी शेजारी बारा नंबरमध्ये राहत असले तरी त्यात लक्ष घालत नाही. तुझ्या शर्मिणीने जाहिरात बघून फूला फोन केला. त्याने नाव विचारलं, तिने सांगितलं, आणि तो म्हणाला घर गेलं. दुसऱ्या दिवशी तिच्याच हॉस्पिटलमधल्या ह्वे शिन नावाच्या मुलीने फोन केला, तर म्हणाला या बघायला, रिकामंच आहे. शर्मिणी तिच्याबरोबर गंमत म्हणून आली आणि फाटकाशी आल्यावर तिला कळलं की घर कुणाचं. हे मला समजलं तेव्हा मी फूला इतकी बोलले की समोरच्या मिसेस यिप बाहेर आल्या.

पण मला सांग, यात मी काय केलं? त्याला काय माहीत ती तुझी मुलगी आहे? आणि शर्मिणीने सरळ मला का नाही फोन केला? मी काय परकी आहे?

तू मला ओळखतेस. मी आयुष्यभर शिकवलं, मलाय, चिनी, तमिळ, शीख, आणि सगळ्यांना सारखीच छडी मारली. आपण दोघींनी एका डब्यातलं खाल्लंय. माझ्या मनात असलं काही असतं तर तुला इतक्या वर्षांत दिसलं नसतं?

उत्तर पाठव. दोन ओळींचं चालेल.

तुझी,
फिलो


सेरेंबान, २७ फेब्रुवारी

फिलो,

गुडघा बरा आहे. टार्ट पोचले, शेजारी वाटले. फूला तू काय सांगितलं होतंस? नेमके शब्द लिही.

तिलगा


तैपिंग, ५ मार्च

प्रिय तिलगा,

डिसेंबरातली सकाळ होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. फूने स्कूटर बंदसुद्धा केली नाही. फाटकाबाहेरून ओरडला, "टीचर, चौदा नंबरची जाहिरात टाकतोय. अटी नेहमीच्याच ना?"

मी म्हटलं, "हो, नेहमीच्याच."

एवढंच. माझ्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता.

मागच्या पत्रात हे लिहिलं नाही. दोन आठवडे मी स्वतःला सांगत होते की नेहमीच्या अटी म्हणजे दोन महिन्यांचं डिपॉझिट, कुत्रा नको, भिंतीला खिळे नकोत. त्या अटी आहेतच. पण आईने फूला पहिल्यांदा घर दाखवलं तेव्हा मी तिथेच बसून बीन्स निवडत होते. ती म्हणाली होती, "चिनीच बघ हं. बाकी कुणी नको, मग मागाहून कटकट." फू म्हणाला, "कळलं आंटी, सांगायला नको." त्यानंतर खरंच कुणाला सांगावं लागलं नाही. ते शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नाहीत, आणि त्याचा मला अभिमान वाटायचा की मी कधी असलं बोलत नाही.

पत्र इथे संपवायला हवं होतं, पण मी शर्मिणीला भेटून आले तेही सांगते. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ती नूडल्स खात होती, एका हाताने फोन बघत. डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. तुझ्यासारखीच बसते, एक पाय खुर्चीच्या दांडीवर.

"आंटी! बसा ना. मायलो घेणार?"

मी म्हटलं, "घर तुझंच आहे. ही किल्ली. भाडं निम्मं दे, नाहीतर देऊच नकोस."

तिने किल्ली हातात घेतली नाही. "मी खोली घेतली आंटी. टायरच्या दुकानावर. रात्री शांत असतं, दिवसा मी नसतेच."

"टायरच्या दुकानावर! अगं, तू घरची मुलगी."

"तेच तर. फोन केला तेव्हा मी घरची नव्हते ना. तेव्हा मी नुसती शर्मिणी होते. पगार आहे, सिगारेट नाही, मांजर नाही."

"तो फू मूर्ख आहे गं."

"फू बरा होता हो. सॉरी म्हणाला. बाकीच्यांनी नाव ऐकून फोनच ठेवला. एका बाईने तर विचारलं, रंगाने फार काळी आहेस का? मी म्हटलं, व्हिडिओ कॉल करते, तुम्हीच ठरवा."

यावर ती हसली. मला हसता येईना आणि न हसणंही बरं दिसेना, म्हणून मी मायलो ढवळत बसले.

निघताना म्हणाली, "तुम्ही फार मनाला लावून घेऊ नका. मला सवय आहे. आईला नाही. तिला वाटत होतं, निदान तैपिंग तरी तिचं आहे."

तुझी,
फिलो


सेरेंबान, १४ मार्च

फिलो,

शब्द लिहिलेस ते बरं केलंस. आता माझे वाच.

शर्मिणीची बदली तैपिंगला झाली हे मी तुला डिसेंबरातच फोनवर सांगितलं होतं. म्हटलं होतं, ती घर शोधतेय, काही कानावर आलं तर सांग. तू म्हणालीस, "लक्ष ठेवते." चौदा नंबर तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. ते रिकामं होतं. मला ते तेव्हाच खटकलं, पण मी बोलले नाही. वाटलं, तुझ्या तोंडून येईल. दोन दिवस मी फोन जवळ घेऊन बसले होते.

तू माझ्या मुलीला नाही म्हणाली नाहीस, हे मला माहीत आहे. ती तुला सुचलीच नाही. नाही म्हणाली असतीस तर भांडता तरी आलं असतं.

तुझ्या एड्रियनला डॉक्टरीची जागा मिळाली नाही तो दिवस आठवतो? मार्क होते, पण जागा मलाय मुलांसाठी राखून ठेवलेल्या, त्या कोट्यात तो बसत नव्हता. तू जेवणाच्या टेबलावर हात आपटून म्हणत होतीस, "माझ्या मुलाचं रक्त बघतात आणि दार लावतात, हा कुठला न्याय?" मी तुझ्याबरोबर रडले होते. खरं रडले. माझी शर्मिणी तेव्हा पाचवीत होती, तिच्या वाट्याला काय येणार ते मला दिसत होतं, पण तो दिवस तुझा म्हणून मी तिचं नाव काढलं नाही. सरकारने तुझ्या मुलाला केलं ते तुला स्वच्छ दिसलं. तेच शेजारच्या घराच्या किल्लीने करता येतं, ते मात्र दिसलं नाही.

आणि तुझी आई. गेलेल्या माणसाबद्दल लिहितेय, पण तू नेमके शब्द लिहिलेस तर मीही लिहिते. टेरेन्स जेवत नसला की ती म्हणायची, "खा, नाहीतर तो काळा माणूस येऊन पोत्यात घालून नेईल." मी समोरच टार्ट खात बसलेली असायचे. मग माझ्याकडे वळून म्हणायची, "तू नाही गं बाळा, तू तर आमचीच." फिलो, मला तेव्हा छान वाटायचं. घरी येताना वाटभर छान वाटायचं. त्याची आता मला लाज वाटते, तुझ्या आईच्या बोलण्यापेक्षा जास्त.

एक विचारते. ती शर्मिणी नसती, दुसरी कुणी तमिळ मुलगी असती, तर तू हे सगळं केलं असतंस? कागद, भेट, किल्ली?

तिलगा


तैपिंग, २ एप्रिल

प्रिय तिलगा,

नाही. मला कळलंही नसतं. कपडे वाळत घालून झाले असते, मी आत जाऊन भात लावला असता.

एवढं लिहून कागद तसाच पडून राहिला, कारण पुढे काय लिहायचं ते समजेना. डिसेंबरातल्या फोनचं म्हणशील तर मी खरंच लक्ष ठेवलं होतं. चर्चमध्ये दोघांना विचारलं होतं की इंडियन मुलीसाठी एखादी खोली आहे का. इंडियन मुलीसाठी. चौदा नंबर मी त्यात धरलंच नव्हतं.

मग मी फूला बोलावलं आणि सांगितलं, ती अट काढून टाक.

"कुठली अट, टीचर?"

"तुला माहीत आहे कुठली."

तो बराच वेळ हेल्मेटचा पट्टा सोडत राहिला. "रागावू नका. या रस्त्यावरची निम्मी घरं माझ्याकडे आहेत. सगळे हेच सांगतात, तुम्ही निदान हळू सांगता. उद्या मी तमिळ गिऱ्हाईक आणलं आणि तुम्ही म्हणालात, 'जरा विचार करते हं,' तर माझ्या पेट्रोलचं काय?"

"मग राहू दे. फोन मीच घेईन."

"घ्या. दोन दिवसांत मला बोलवाल."

फाटकाला पाटी लावली, फळ्यावरच्या अक्षरात, खाली माझा नंबर. फोन यायला लागले. पहिलीच बाई म्हणाली, "आंटी, घर बघायला यायचंय. आधीच सांगते, आम्ही इंडियन. चालेल?"

तिलगा, खोल्या किती, भाडं किती, पाणी कसं, ते सगळं नंतर. आधी हे. दुकानात शिरताना आपण विचारतो ना, ओली छत्री बाहेर ठेवू का, तसल्या आवाजात. मी "चालेल" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर त्या चालेलची मला शिसारी आली. पुढच्या फोनला म्हटलं, "मी तुम्हाला ते विचारलंच नाही." तो माणूस म्हणाला, "नाही आंटी, पण मग आम्ही येतो, पेट्रोल जातं, मुलं नटूनथटून येतात, आणि तुम्ही फाटकातच सांगता. त्यापेक्षा आधी." शर्मिणीने फूला आधी सांगितलं नव्हतं. बहुधा तिला अजून पूर्ण सवय झालेली नाही, ती आपल्याला बरं वाटावं म्हणून तसं म्हणते.

तोच माणूस शनिवारी घर बघून गेला. गुणसेगरन. पामची फळं वाहणारी लॉरी चालवतो. बायको अंजलै बालवाडीत मदतनीस आहे. दोन मुली आणि त्याची आई. त्याचे वडील मळ्यावर रबराचा चीक काढायचे. मुली जिन्यावरून धावत वर गेल्या तर अंजलैने खालूनच दटावलं, "हळू! आंटींना वाटेल आपण रोज असंच करतो." मी म्हटलं, धावू द्या, आमचा टेरेन्स त्या कठड्यावरून घसरत यायचा. तिने हसून मान हलवली, पण मुलींना हात धरून खाली आणलंच.

त्यांना घर आवडलं. मलाही ती माणसं आवडली. पण करारावर टेरेन्सची सही लागते.

"आ-ची, डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणाला. धाकटा भाऊ, तोंडाने आ-ची, म्हणजे ताई, म्हणतो आणि वर असं बोलतो, तुला माहीतच आहे. "मसाल्याचा वास एकदा भिंतीत बसला की जन्मात निघत नाही."

"आई सुक्या कोळंबीचं बलाचान परतायची तेव्हा गल्लीतली मांजरं शिंकायची."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"तो आपला वास होता!"

म्हणाला आणि लगेच 'ते जाऊ दे' म्हणाला. पण सही करणार नाही, रविवारी येतो, समोरासमोर बोलू, असं सांगून फोन ठेवला. गुणसेगरनला मी रविवारपर्यंत थांबायला सांगितलंय. तोवर तो दुसरं काही बघणार नाही म्हणाला, म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवलाय, आणि मला भीती वाटतेय की रविवारी टेरेन्सच्या आवाजापुढे मी "जरा विचार करते" म्हणेन.

हे तुला खूश करायला चाललंय असं तुला वाटेल. थोडं तसं आहेही.

तुझी,
फिलो


सेरेंबान, ४ एप्रिल

फिलो,

कुरिअरने पाठवतेय, रविवारच्या आत पोचावं म्हणून.

तुझं 'नाही' मी शर्मिणीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "खरं बोलल्या." माझाही राग थोडा उतरला.

पण तू ही माणसं कुठली धरून आणलीस? इंडियन म्हणजे सगळे एक नव्हेत, हे मी तुला सांगायला हवं का? गुणसेगरन, अंजलै, मळ्यावरची नावं आहेत ही. लॉरीवाला संध्याकाळी काय पितो ते विचारलंस? पाच माणसं, म्हातारीचं पान, अंगणात कोंबड्या येतील, मग टेरेन्स म्हणेल मी सांगत होतो. पगाराची चिठ्ठी बघ, डिपॉझिट जास्त घे. तुला हे करायचंच असेल तर एखादं शिकलंसवरलेलं, चांगल्या घरातलं तमिळ कुटुंब बघ, मी इथून चौकशी करते. माझ्यासाठी वाहवत जाऊ नकोस. तुझ्या भल्याचं सांगतेय.

तिलगा


तैपिंग, २८ एप्रिल

प्रिय तिलगा,

तुझं पत्र शनिवारी आलं. वाचलं, चहा केला, पुन्हा वाचलं. खाली सही तुझीच आहे ना ते बघितलं, कारण मधल्या ओळी माझ्या आईच्या होत्या. कोंबड्या तेवढ्या नव्या.

हे तुला लिहायचा मला हक्क आहे का, याचा तीन आठवडे विचार केला. अजून ठरलेलं नाही. पण तू माझ्याकडे नेमके शब्द मागितलेस आणि मी ते दिल्यावर आपण पुन्हा बोलायला लागलो. आता हे गिळून टाकलं तर पुन्हा नुसते टार्ट उरतील.

तुमच्या रेल्वेच्या क्वार्टरमागे एक बाई शेवग्याच्या शेंगा विकायला यायची. तुझी अम्मा तिला मागच्या पायरीवर चहा द्यायची. भिंतीच्या कोनाड्यात एक ॲल्युमिनियमचा पेला होता, त्यातून. मी तुला विचारलं होतं, हा कुणाचा? तू म्हणालीस, तिचा. मी घरी जाऊन आईला सांगितलं, तिलगाची आई किती चांगली आहे, शेंगावालीला स्वतःचा पेला ठेवलाय. मला खरंच तसं वाटलं होतं. आई हसली होती. तिला कळलं असणार.

माझ्या आईचं तू बोललीस, म्हणून मी तुझ्या अम्माचं बोलले, असं समजू नकोस. मला ती फार आवडायची. मला फक्त आपण दोघी कुठल्या स्वयंपाकघरांतून आलो ते एकदा सरळ लिहायचं होतं.

आता रविवार. टेरेन्स भाजलेलं बदक घेऊन आला, म्हणजे नाही म्हणायलाच आला होता. जेवणभर घरांच्या किमतीबद्दल बोलला. शेवटी म्हणाला, "माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. माझ्या ऑफिसात इंडियन आहेत, आम्ही एकत्र जेवतो. पण हे आईचं घर आहे."

मी म्हटलं, "म्हणजे सही नाही."

"नाही."

तिलगा, माझ्या ओठांवर ते आलं होतं. जरा विचार करते. फार सोपं होतं. गुणसेगरनला सांगायचं, माझी इच्छा होती हो, पण भाऊ ऐकत नाही. त्याने माझंच सांत्वन केलं असतं. ते डोळ्यांसमोर दिसलं आणि मी हातातली हाडं ताटात ठेवली.

"मग आईच्या घरात मी राहायला जाते," मी म्हटलं. "मला तर ना नाही तुझी? मी चिनी आहे, कुत्रा नाही, खिळे ठोकत नाही."

"तू? आणि तुझं घर?"

"माझं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते त्यांना देते."

"लोक हसतील, आ-ची. चांगलं चाळीस वर्षांचं घर सोडून शेजारी भाडेकरूसारखी जाणार?"

"भाडेकरूसारखी कशी? भाडं कुठे देणारेय तुला?"

तो उठून गेला. बदक राहिलं. अजून फोन नाही त्याचा. यावेळी मीच करेन, पण लगेच नाही.

सामान हलवायला गुणसेगरनने लॉरी आणली आणि मग तीच लॉरी त्यांचं सामान आणायला गेली. शेवटची फेरी झाल्यावर मी फ्रान्सिसच्या खोलीत उभी राहिले. माझा नवरा त्याच खोलीत वारला. भिंतीवर त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे, मी रंग मारताना तेवढा सोडायला लावला होता. अंजलै दारात आली. काही न विचारता म्हणाली, "आंटी, ही खोली मुलींना देणार होतो. तुम्हाला नको वाटत असेल तर सामान ठेवतो." मी म्हटलं, मुलींनाच दे. घरी, म्हणजे चौदा नंबरमध्ये, आल्यावर खूप रडले. माझा मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात, मला माझं घर हवं होतं.

पियानो आईच्या दारातून आत जाईना, तो तिथेच राहिला. धाकटी त्यावर एका बोटाने काहीतरी वाजवते. रोज तेच, आणि रोज तिथेच चुकते. मी भिंतीअलीकडे दात खाते.

वास येतो, तिलगा. पहिल्या आठवड्यात मी खिडकी लावून घ्यायचे. अंजलैच्या ते लक्षात आलं आणि तिने तिची लावली. मग दोघींनी बंद खिडक्यांमागे घामाघूम होऊन स्वयंपाक केला. परवा मी माझी उघडली. वास मला अजून आवडत नाही, पण खिडकी उघडी आहे.

तू ये, असं म्हणत नाही. ते तू ठरव.

तुझी,
फिलो


सेरेंबान, ९ मे

फिलो,

पत्र वाचून मी दोन दिवस धुमसत होते. तिसऱ्या दिवशी उत्तर लिहायला बसले, की मळ्यावरच्या लोकांची आणि आमची गोष्ट वेगळी आहे, आमचे आजोबा जाफन्याहून शिकून आले, ते बोटीतून कंत्राटदाराने आणलेले, तुला बाहेरून कळणार नाही. 'वेगळी' हा शब्द लिहिला आणि टेरेन्सच माझा हात धरून लिहितोय असं वाटलं. कागद फाडला.

ती बाई. मी तीन दिवस तिचं नाव आठवतेय. नाही आठवत, कारण आमच्याकडे कुणी ते विचारलंच नव्हतं. पेला आठवतो. अम्मा तो विसळत नसे, ती बाई स्वतः विसळून कोनाड्यात पालथा घालून जायची.

शर्मिणीला सांगितलं. म्हणाली, "अम्मा, तू पण?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आंटींशी भांडताना हे पोटात होतं तर." नव्हतं गं. मला वाटत होतं माझ्या पोटात काही नाहीच.

माझा तुझ्यावरचा राग गेलेला नाही. डिसेंबरातलं ते 'लक्ष ठेवते' अजून टोचतं, पुढेही टोचेल. तू घर सोडलंस म्हणून ते फिटलं असं मी म्हणणार नाही, आणि तूही तसं म्हणालेली नाहीस, म्हणून हे लिहिता येतंय.

शनिवारच्या सकाळच्या गाडीने येतेय. उतरणार शर्मिणीकडे, टायरच्या दुकानावर. स्टेशनवर येऊ नकोस. संध्याकाळी आधी बारा नंबरमध्ये जाईन. अंजलैला माझ्याबद्दल काही सांगून ठेवू नकोस, तुझी मैत्रीण आहे हेही नको. आमच्या घरातलं कुणी त्या लोकांच्या दाराशी कधी उभं राहिलेलं नाही, राहायचं कसं ते मला या वयात माहीत नाही. फाटकाशी उभी राहीन आणि नाव सांगेन. ती आत बोलवेल, किंवा म्हणेल आत्ता कामात आहे, आणि तसं म्हणायचा तिला हक्क आहे.

काहीही झालं तरी तिथून तुझ्याकडे येते. खायला काही करू नकोस, बोलायचंय.

तुझी,
तिलगा